चिनी धूपपात्राचा काळ कसा ठरवावा? (तळाशी मिंग शिक्का आहे)

मंडळी, जुन्या धातुकामातल्या जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

माझे आजेसासरे फोर्टातल्या एका पारशी पेढीत नोकरीला होते. पेढीचा चीनशी व्यापार. ती बंद झाली तेव्हा मालकांनी हे धूपपात्र त्यांना दिलं, एवढंच घरात सांगतात. इतकी वर्षं माळ्यावर होतं, रंगकाम काढल्यावर खाली आलं.

उंची वीतभर, वजन दोनेक किलो. रंग गडद तपकिरी, झिजल्या जागी पिवळसर. गोल पोट, तीन पाय, आणि प्रत्येक पाय कुठल्याशा प्राण्याच्या जबड्यातून बाहेर आलेला. कानांच्या जागी हत्तीची तोंडं. झाकणावर सिंहासारखं जनावर, पंजाखाली चेंडू. ते पोकळ आहे, त्यामुळे धूर त्याच्या तोंडातून निघतो (हो, करून पाहिलं!). पोटावर बटबटीत डोळ्यांचा एक चेहरा, त्याला खालचा जबडाच नाही.

तळाशी चौकटीत सहा अक्षरं. फोनने वाचली: 'महान मिंग, शुआनदे काळात बनवलेले'. शुआनदे म्हणजे मिंग घराण्यातल्या एका सम्राटाची कारकीर्द, १४२६ ते १४३५. झालं, घरात सहाशे वर्षांची दवंडी पिटून झाली आणि भाच्याने विकून गाडीही घेतली!

शिक्का खरा मानायचा का? हे प्राणी कोणते? आणि साफ कसं करू? साबा (सासूबाई) चिंच-मीठ घेऊन तयार आहेत.

जुनंपुराणं: आधी साबांना आवरा. चिंचेने राप (वर्षानुवर्षं धातूवर चढलेला गडद थर) उतरला की तो परत येत नाही, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते निम्मे त्या रापाचेच. कोरडं मऊ फडकं आणि खाचांसाठी रंगाचा मऊ ब्रश, बास.

शिक्क्यावर जाऊ नका. सयामहून (आजचं थायलंड) आलेल्या धातूतून शुआनदे सम्राटाने १४२८ साली हजारो पात्रं ओतवून घेतली अशी कथा आहे, पण ती सांगणारा ग्रंथच बऱ्याच नंतरचा मानतात. खात्रीने त्या राजवटीतलं म्हणावं असं पात्र दाखवणं तज्ज्ञांनाही जड जातं. मिंगअखेर, पुढच्या छिंग राजवटीच्या काळात, अगदी विसाव्या शतकातही हाच शिक्का उमटत राहिला. दर वेळी फसवायलाच असं नाही, जुन्या कामाचा मान म्हणूनही. पिवळसर झाक जस्ताची. कांस्य म्हणवणारी ही बरीच पात्रं मुळात पितळीच असतात, त्यामुळे त्यावरून नकली ठरवू नका. भिंगातून अक्षरांच्या कडा बघा: बोथट, वितळल्यासारख्या असतील तर दुसऱ्या पात्रावरून साचा काढल्याची शंका घ्यावी. आणि झीज पायांच्या टोकांना, हात लागतो तिथे हवी. सगळीकडे सारखी असेल तर ती मुद्दाम आणलेली.

बिनजबड्याचा चेहरा म्हणजे थाओथिए. शांग राजवटीच्या कांस्यपात्रांवरचा, म्हणजे शुआनदेपेक्षाही अडीच हजार वर्षांनी जुना. पुढच्या कारागिरांनी तो हौसेने उचलला.

दर्यावर्दी: चेंडूवाला बहुधा बौद्ध सिंह. तरी कपाळावर शिंग आहे का बघा. एकच शिंग असेल तर लुदुआन, चिनी दंतकथांतला एकशिंगी प्राणी. बीजिंगच्या राजवाड्यात सिंहासनाशेजारी याच प्राण्याची धूपपात्रं असतात. युआन या मंगोल राजवटीच्या इतिहासात तर असं आहे की १२२४ साली चंगेजखान हिंदुस्थानच्या वाटेवर असताना असा एकशिंगी प्राणी माणसासारखा बोलला, आणि येलू छुत्साई या सल्लागाराचं ऐकून खान माघारी फिरला. खरंखोटं तो प्राणीच जाणे.

मुंबईत आहात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन या. रतन टाटा आणि दोराब टाटा यांच्या संग्रहातलं चिनी काम तिथे आहे, नजर तयार होते. भाच्याला सांगा, वस्तू शंभर वर्षांहून जुनी ठरली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

धागाकर्ती: आभार! शिंग नाही. अक्षरांच्या कडा बऱ्यापैकी धारदार वाटतात. पण भिंगातून बघताना एका हत्तीच्या जोडाशी पांढरट रेघ दिसली, दुसऱ्याला नाही. तो कान नंतर डाग देऊन बसवला असेल का? उद्या उजेडात फोटो काढून टाकते.