प्रात्यक्षिकाच्या टेबलावरचा संरक्षक पडदा: ॲक्रिलिक, काच की पॉलीकार्बोनेट?

प्रश्न (शिक्षिका, डिचोली): मी माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवते. सोडियम पाण्यात टाकला की पहिल्या बाकावरची मुले आपोआप पुढे झुकतात. गेल्या महिन्यात पेटलेला कण तडतडून टेबलाबाहेर उडाला, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. आता पडदा बसवायचा ठरले आहे. म्हापशाच्या दुकानात ३ मिलिमीटरचे ॲक्रिलिक स्वस्तात मिळते आणि व्यवस्थापन समितीचा कल तिकडेच आहे. ते पुरेल का?

उत्तर (निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, फोंडा): मॅडम, ॲक्रिलिक घेऊ नका. ते पारदर्शक असले तरी जोराचा आघात झाल्यास त्याचे धारदार तुकडे होतात आणि ते सहज पेटते. साध्या काचेचा तर विचारच नको. किमान ६ मिलिमीटर जाडीचा, भरीव पॉलीकार्बोनेटचा पत्रा मागा. ‘भरीव’ हा शब्द आवर्जून सांगा, कारण आपल्याकडे पावसाळी शेडवर घालतात तो पोकळ नळ्यांचा पत्राही पॉलीकार्बोनेटच असतो आणि दुकानदार तोच पुढे करतो. खात्रीसाठी कापताना उरलेली पातळ पट्टी गॉगल लावून वाकवून पाहा: पॉलीकार्बोनेट वाकते, ॲक्रिलिक कट्कन मोडते.

मात्र याची एक नाजूक बाजू आहे. सोडियमच्या प्रयोगात सोडियम हायड्रॉक्साइड हे अल्कली (आम्लारी) तयार होते आणि अल्कलीने पॉलीकार्बोनेट खराब होते, म्हणून उडालेले थेंब सुकू न देता साध्या पाण्याने धुवावेत. ॲसिटोन किंवा अमोनियायुक्त काच-क्लीनर कधीही लावू नये. आमच्याकडे एकाने शाईचा डाग काढायला ॲसिटोनचा बोळा फिरवला आणि नवा कोरा पत्रा तळहाताएवढ्या जागेत दुधासारखा पांढरा झाला.

उत्तर (उच्च माध्यमिक शिक्षक, मडगाव): वरील सल्ल्याशी सहमत आहे, तरी पडदा नुसता उभा करून ठेवू नये. स्फोटाच्या धक्क्याने तो मुलांवरच आडवा होईल, म्हणून टेबलाला क्लॅम्पने घट्ट बांधावा. स्क्रूची भोके स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडावीत, कारण उन्हाळ्यात हे प्लास्टिक काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते आणि भोकाभोवती तडे जातात. पडद्याच्या बाजू उघड्या राहतात, हे विसरून चालणार नाही. मिथेनॉल ओतून रंगीत ज्वाला दाखवण्याचा प्रयोग पडदा असला तरी करू नये. बाटलीतून निघालेला ज्वालेचा झोत उघड्या बाजूने मुलांपर्यंत पोहोचू शकतो. त्याऐवजी क्षाराच्या द्रावणात भिजवलेली लाकडी काडी बर्नरवर धरावी, रंग तेच दिसतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर: दोघांचेही मनापासून आभार. ६ मिलिमीटरचा भरीव पत्रा मागवण्याचा अर्ज आजच लिहिला. पडद्याची उंची पहिल्या बाकावरच्या सर्वांत उंच मुलाला उभे करून ठरवणार आहे. तोपर्यंत तुकडा मसुराच्या दाण्याहून मोठा घेणार नाही, बाके दोन मीटर मागे सरकवेन, आणि मुलांबरोबर माझ्याही डोळ्यांवर गॉगल असेल. पडद्याच्या आतल्या बाजूला मीच उभी असते, हे आजवर माझ्या ध्यानातच आले नव्हते.