मदत हवी आहे: तेल्यावरचा जिवाणू, पेटंट, आणि आधीच लावलेलं पोस्टर

केगावकर

नमस्कार मंडळी. सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करतेय, विषय डाळिंबावरचा तेल्या. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी: झँथोमोनास जातीच्या जिवाणूचा रोग. आधी पानावर तेलकट ठिपके, मग फळावर काळे डाग, आणि शेवटी फळ तडकतं. आमच्या मामांनी दोन एकर बाग यापायी उपटून टाकली.

सांगोल्याकडच्या एका बागेत चौफेर तेल्या होता, पण एका ओळीतली चार झाडं स्वच्छ. त्यांच्या मुळांजवळच्या मातीतून बॅसिलस या जिवाणूचा एक स्ट्रेन (उपप्रकार) मिळाला. प्लेटवर तेल्याच्या पिवळट थरात आमच्या थेंबाभोवती स्वच्छ कडं पडतं, म्हणजे तिथे तेल्याचा जिवाणू वाढत नाही. नुसतं कल्चर (वाढवलेला जिवाणू) फवारलं तर उन्हात टिकत नव्हतं, म्हणून त्यात दोन पदार्थ मिसळले आणि निकाल बदललाच. (पदार्थांची नावं लिहीत नाही, एवढं शहाणपण कालच आलंय.)

आता घोळ ऐका. फेब्रुवारीत कॉलेजच्या परिषदेत याच कामाचं पोस्टर लावलं, स्मरणिकेत सारांशही छापून आला. गाइड म्हणतात दिवाळीच्या आत पेपर पाठव, पेटंटचं नंतर बघू. विभागप्रमुखांचं म्हणणं, अर्जात त्यांचंही नाव हवं. एका कंपनीचे गृहस्थ दोनदा फोन करून 'ट्रायलपुरती एक स्लँट द्या' (जिवाणू वाढवलेली नळी) म्हणतायत. आणि वकिली करणारा चुलतभाऊ म्हणतो, जिवंत वस्तूचं पेटंट भारतात मिळतच नाही, कशाला डोकं खपवतेस.

कोण बरोबर? आणि पोस्टरमुळे सगळं हातचं गेलं का?

शेंगाचटणी

स्लँट देऊ नका. बाकीचं जाणकार सांगतील, पण स्लँट देऊ नका.

दावेदार

ताई, मी पुण्यात पेटंट एजंट आहे. बरंचसं काम औषधं आणि जैवतंत्रज्ञानाचं. हा सल्ला ढोबळ समजा, कागद न बघता कुणी पक्कं बोलू नये.

भावापासून सुरू करतो. तो अर्धा बरोबर आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३ (जे) मध्ये वनस्पती, प्राणी, बियाणं, वाण वगळलेत, पण त्याच वाक्यात 'सूक्ष्मजीव सोडून' असंही आहे. आणि २००२ मध्येच कलकत्ता उच्च न्यायालयाने डिमिनॅको प्रकरणात कोंबड्यांच्या रोगावरच्या जिवंत लसीबद्दल सांगितलं होतं की, शेवटी निघणारी वस्तू जिवंत आहे एवढ्यावरून प्रक्रियेचं पेटंट नाकारता येत नाही.

तुमची अडचण वेगळी आहे. जिवाणू मातीत होता, तुम्ही तो शोधलात. निसर्गात आहे तसा जिवाणू म्हणजे शोध, आविष्कार नव्हे. तिथे ३ (सी) आडवं येतं. 'बागेवर फवारायची पद्धत' असा दावा केलात तर शेतीची पद्धत म्हणून ३ (एच). उरतं तुमचं मिश्रण, आणि माझ्या मते खरा माल तिथेच आहे. पण तिथेही ३ (ई) दबा धरून बसलंय: दोन गोष्टी नुसत्या एकत्र केल्या आणि प्रत्येकीचा गुण तेवढा मिळाला, तर पेटंट नाही. म्हणून नुसता जिवाणू, नुसते पदार्थ, आणि दोन्ही एकत्र, असे तिन्ही आकडे एकाच प्रयोगात शेजारी-शेजारी हवेत. बेरजेपेक्षा जास्त परिणाम दिसला पाहिजे. हा तक्ता नसल्यामुळे चांगली कामं पडलेली मी बघितलीत.

पोस्टरचं: सारांशात नेमकं काय छापलंय?

केगावकर

सर, स्मरणिका आत्ता समोर आहे. पाच ओळी. 'डाळिंबाच्या मुळांजवळील मातीतून मिळालेल्या बॅसिलसने प्रयोगशाळेत तेल्याच्या जिवाणूची वाढ रोखली.' स्ट्रेनचा क्रमांक नाही. मिश्रण तर तेव्हा सुचलंच नव्हतं, ते जूनमधलं. पोस्टरवर प्लेटचा फोटो होता.

दावेदार

मग नशीबवान आहात. जेवढं उघड झालं तेवढंच गेलं, मिश्रण शाबूत आहे. कलम ३१ मध्ये विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या पेपरला बारा महिन्यांची सवलत आहे, पण कॉलेजची परिषद त्यात बसते का यावर वाद घालता येतो. त्या भरवशावर राहू नका, आणि युरोपात तर अशी सवलत जवळपास नाहीच.

पेपर थांबवा. कायमचा नाही, फक्त पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत. तो अर्ज प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) विनिर्देशासह, म्हणजे आविष्काराच्या लेखी वर्णनासह, करता येतो, त्यानंतर पूर्ण विनिर्देशाला बारा महिने मिळतात. व्यक्ती किंवा शिक्षणसंस्थेला ऑनलाइन दाखल करायची सरकारी फी १६०० रुपये, तपासणीची विनंती पुढे ४०००. एजंटची फी वेगळी, ती विचारून घ्या, आमच्यात लाजणारे कमी. पण प्रोव्हिजनलमध्ये मिश्रणाचं प्रमाण आणि मर्यादा (किती ते किती टक्के) नीट लिहा. 'काही पदार्थ' असं मोघम लिहिलंत तर ती तारीख कामाला येत नाही.

आणखी एक, जे गाइड लोक विसरतात. प्रबंध शोधगंगावर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) चढला की तेही प्रकाशनच.

केगावकर

बाप रे, प्रबंधाचं डोक्यातच नव्हतं. आणि कल्चरचं काय? आमच्याकडे ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून ठेवलेल्या जिवाणूच्या नळ्या) डीप फ्रीझरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात आहेत. मे महिन्यात एक रात्र लाइट गेली आणि सकाळी पाहिलं तर कप्प्यात पाणी, डब्यावरची मार्करची अक्षरं पुसलेली. सहातल्या दोन नळ्या गेल्या. त्या दिवशी मी जेवले नाही.

दावेदार

हे आधी करा. कागदावर वर्णन करून जिवाणू पुन्हा बनवता येत नाही, म्हणून बुडापेस्ट कराराखाली (पेटंटसाठी सूक्ष्मजीव ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय करार) मान्यता असलेल्या संग्रहात तो ठेवावा लागतो. असे संग्रह पुण्यात एमसीसी (आता नाव एनसीएमआर), चंदीगडला एमटीसीसी. ठेव अर्जाच्या तारखेनंतरची चालत नाही. फॉर्म भरताना 'पेटंटसाठी' असं स्पष्ट सांगा. साधी ठेव आणि बुडापेस्टची ठेव यात फरक आहे, आणि साध्या ठेवीतून कल्चर इतरांना मागता येतं. ठेव क्रमांक मिळाला की मग अर्ज.

बांधावरचा

मी कृषी खात्यात होतो, आता निवृत्त. दोन गोष्टी सांगतो. पेटंट मिळालं म्हणजे विकता येतं असं नाही ओ. जैविक कीडनाशक विकायला कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय मंडळाची नोंदणी वेगळी लागते, आणि त्याला वेळ जातो. दुसरं, माती सांगोल्याची आहे. विनिर्देशात जैविक सामग्रीचा उगम आणि ठिकाण लिहावं लागतं. जैवविविधता कायद्यात २०२३ ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यात आपल्यासारख्या भारतीय अर्जदाराला पेटंट मंजूर होण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. शेतकऱ्याची चार झाडं होती म्हणून हे सगळं झालं, त्याला निदान एकदा जाऊन सांगून या.

केगावकर

काका, त्यांना सांगितलंय. ते म्हणाले, 'औषध झालं की आधी माझ्या बागेला टाका.' विभागप्रमुखांचं काय करू?

दावेदार

आविष्कारक तोच, ज्याचं डोकं दाव्यातल्या कल्पनेत लागलंय. मशीन वापरू दिलं, सही केली, एवढ्याने कुणी आविष्कारक होत नाही. अर्जदार आणि मालक मात्र वेगळे असू शकतात. तुमच्या संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण आहे का, शिष्यवृत्तीच्या अटींत काय लिहिलंय, तेही बघा. विभागप्रमुखांना आभारात जागा द्या, भरघोस.

कंपनीवाल्यांना: गोपनीयता करार आणि साहित्य हस्तांतरण करार (नमुना कोणत्या अटींवर द्यायचा त्याचा) झाल्याशिवाय काही नाही. फोनवरसुद्धा पदार्थांची नावं नाहीत.

केगावकर

अद्यतन. गाइडना हा धागा दाखवला. अर्धा तास गप्प होते, मग म्हणाले पेपर जानेवारीत पाठवू. सोमवारी सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातेय, बर्फाच्या डब्यात उरलेल्या चारपैकी दोन नळ्या. डब्यावर या वेळी अक्षरं पेन्सिलने लिहिलीत.

शेंगाचटणी

आणि वरून चिकटपट्टी लावा.