'इन कॉलेज' म्हणजे नक्की कुठे?

एक शंका आहे. मावसबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, परवा फोनवर म्हणाली धाकटा सप्टेंबरपासून कॉलेजला जाणार, आणि पोरगा आत्ता कुठे सोळाचा झालाय. तिकडे अमेरिकेत माझा भाचा चांगला मोठ्या युनिव्हर्सिटीत सेकंड इयरला आहे, तोही 'आय ॲम इन कॉलेज'च म्हणतो. दोघांचं कॉलेज एकच का?

– नाही हो, अजिबात नाही. लेस्टरचा मुलगा म्हणजे आपला अकरावीतला धरा. तिकडे जीसीएसई, म्हणजे त्यांची दहावी, झाली की ए-लेव्हलची, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारखी, दोन वर्षं कुणी शाळेतच करतं, कुणी सिक्स्थ फॉर्म कॉलेजला जातं, डिग्रीला गेला की मग तो 'ॲट युनी', म्हणजे युनिव्हर्सिटीत. अमेरिकेत कॉलेज म्हणजे बारावीनंतरची ती चार वर्षं, मग शिकायला कुठेही असो, म्हणून कॉलेज कुठलं विचारलं तर उत्तरात बिनदिक्कत युनिव्हर्सिटीचं नाव येतं. पण पीएचडी करणारा 'इन कॉलेज' म्हणणार नाही, तो 'इन ग्रॅड स्कूल'. आणि संस्थेच्या नावावर तर मुळीच जाऊ नका, अमेरिकेतलं डार्टमथ कॉलेज १७६९ चं, पीएचडी देतं तरी नाव कॉलेजच, उलट इंग्लंडमधलं १४४० चं ईटन कॉलेज ही चक्क शाळा आहे!

अजून एक, ब्रिटिश माणूस 'ॲट युनिव्हर्सिटी' म्हणतो, मध्ये 'अ' नाही की 'द' नाही. अमेरिकन कानाला ते खटकतं, 'इन कॉलेज' मात्र तोही असंच बिनआर्टिकलचं बोलतो.

– आपला घोळ वेगळाच आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन युनिव्हर्सिटीच्या धर्तीवर निघालं, शिकवायचं कॉलेजांनी आणि परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. त्यामुळे आपल्या डोक्यात अजून तेच बसलंय, कॉलेज म्हणजे जिथे लेक्चरला बसलो, कँटीनला चहा प्यायलो ते, आणि युनिव्हर्सिटी म्हणजे मार्कशीटवरचा शिक्का, ट्रान्सक्रिप्ट काढायला खिडकीशी रांग लावायची ती जागा. म्हणून भाषांतर करताना मला वाटतं 'इन कॉलेज'चं डोळे झाकून 'महाविद्यालयात' करू नये. भाचा 'डिग्रीला आहे' आणि लेस्टरचा 'अकरावीला गेला', एवढं म्हटलं की आपल्या आजीलासुद्धा लगेच कळतं.