आईची साखर उतरली, पायांची सूज का उतरत नाही?

नौपाड्याची लेक
आई ६८ वर्षांची. मधुमेह १९ वर्षांपासून. गेल्या वर्षी हार्ट फेल्युअरचं (हृदयाचं पंपिंग कमी पडण्याचं) निदान झालं, इकोत इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय बाहेर टाकतं तो रक्ताचा वाटा) ३५ टक्के. त्यानंतर दोनदा ॲडमिट करावं लागलं. तलावपाळीला अख्खी फेरी मारणारी बाई आता पहिल्याच बाकावर टेकते, रात्री तीन उशा लागतात. काल तिने चप्पल काढली तर पट्ट्याचा वळ पायावर तसाच. नडगीवर अंगठा दाबून पाहिला, खळगा भरून येईपर्यंत मी मनात वीस आकडे मोजले.

एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.१ वरून ७.२ वर आणलंय. भात निम्म्यावर, चहा बिनसाखरेचा, गणपतीत मोदकाला हात लावला नाही तिने. मग दम का कमी होत नाही? डॉक्टर म्हणाले, "शुगर आहे ना, असंच चालायचं," आणि पुढचा पेशंट आत बोलावला. मधुमेहाने हार्ट फेल्युअर खरंच जास्त चिघळतं का? गोळ्या: सकाळी फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारी), मेटोप्रोलॉल, टेल्मिसार्टन (या दोन हृदय-बीपीच्या), आणि साखरेसाठी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड-पायोग्लिटाझोनची एकत्र गोळी दोन वेळा.

कळव्याची सिस्टर (निवृत्त)
अगं, आधी ती एकत्र गोळी बघ. त्यातलं पायोग्लिटाझोन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं. हार्ट फेल्युअर असेल तर ते देत नाहीत. आजच फोन कर, उद्यावर टाकू नकोस. पण गोळी परस्पर बंद करू नकोस, तिच्यात आणखी दोन औषधं आहेत, साखर एकदम चढेल.

आता तुझा प्रश्न. हो, चिघळतं. २६ वर्षं हृदयविकाराच्या वॉर्डात काढली, मधुमेहाचे पेशंट पुन्हापुन्हा परत आलेले पाहिले. मधुमेह नुसत्या मोठ्या रक्तवाहिन्या बंद करत नाही, हृदयाचा स्नायूच ताठर करतो. बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. स्नायूला साखर नीट वापरता येत नाही म्हणून तो चरबी जास्त जाळतो, आणि तेवढ्याच कामाला प्राणवायू जास्त लागतो. मूत्रपिंड मीठ सोडत नाही, ते वेगळंच. उलट, हृदय थकलं की ताणाची संप्रेरकं वाढतात आणि इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात १९७४ मध्येच दिसलं होतं, की मधुमेह असलेल्या पुरुषांमध्ये हार्ट फेल्युअर सुमारे दुप्पट आणि बायकांमध्ये पाचपट होतं. म्हणून आयांकडे जास्त लक्ष द्या, हे मी प्रत्येक घराला सांगत आले.

१९ वर्षांत झालेलं नुकसान साखर उतरली म्हणून वर्षभरात भरून येत नाही. आणि ग्लिमेपिराइडने साखर फार खाली जाणंही या हृदयाला झेपत नाही. घाम, थरथर आली तर लगेच साखर तपासा. मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. दम अचानक वाढला तर वाट बघू नका.

आणि एक विचार: यादीत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन का नाही? मूळची मधुमेहाचीच औषधं. २०१९ च्या चाचणीत ४,७४४ पेशंटमध्ये डॅपाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बिघडणं २६ टक्क्यांनी कमी झालं, मधुमेह नसलेल्यांतही. आधी मूत्रपिंडाचा रिपोर्ट लागतो. लघवीच्या जागी बुरशी होऊ शकते, स्वच्छता ठेवायची. उलट्या-जुलाब झाले, उपास असला, तर डॉक्टरांना विचारून ती गोळी थांबवायची.

नेरूळचा आजोबा
मी ७१, मधुमेह आणि हार्ट फेल्युअर दोन्ही. पोरी, वजनकाटा आण. सकाळी शौचाला जाऊन आलं की चहाच्या आधी वजन, आणि ते कालनिर्णयवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन. गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून चार दिवस खाल्लं, पाचव्या दिवशी ॲडमिट. वेदनाशामक स्वतःच्या मनाने कधीच नाही. पापड, लोणचं, सुकट, फरसाण बंद. सुकट सोडणं सगळ्यात जड गेलं मला.

नौपाड्याची लेक
सिस्टर, त्याच संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. यादी बघून त्यांनी पायोग्लिटाझोनवर लगेच काट मारली. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम सुरू केलं, ग्लिमेपिराइड निम्मं. दहा दिवसांत वजन ६४.८ वरून ६२.३, उशा दोन. इतके महिने ती पायोग्लिटाझोनची गोळी मीच डबीत भरत होते, याचा त्रास होतो.

एक विचारायचंय. मंगळवारी तपासणीला जायचंय, वाटेत लघवीला जावं लागेल म्हणून आई ती पाण्याची गोळीच (फ्युरोसेमाइड) नको म्हणते. उशिरा दिली तर?

कळव्याची सिस्टर (निवृत्त)
चुकवू नका. घरी आल्यावर, दुपारी द्या, तरी डॉक्टरांना एकदा विचारून घे. फक्त चारच्या पुढे नको, रात्रभर उठत बसतील. आणि डबी तू भरलीस, चिठ्ठी तू लिहिली नव्हतीस.