प्रोटीनच्या साखळीची टोकं मोकळी असतात, मग तिच्यात गाठ कशी?

मोकळंटोक
एमएस्सीला गाठींचा सिद्धांत शिकले. आता प्रोटीनच्या रचनांवर काम करणाऱ्या गटात आहे. तिथे सगळे सर्रास म्हणतात, ‘यात ट्रेफॉइल गाठ आहे’, म्हणजे दोरी स्वतःला तीनदा छेदते ती सर्वात साधी गाठ. मला पटत नाही. टोकं मोकळी असलेली कुठलीही दोरी सोडवता येते, मग हे मोजतात काय? आणि औषधाचा रेणू बसतो ती खाच टोपॉलॉजीने (ताणलं-वाकवलं तरी न बदलणाऱ्या गुणांच्या गणिताने) सापडते का?

त्रिज्या
शंका रास्त आहे. गाठ बंद वेटोळ्याचीच असते, म्हणून आधी टोकं जोडावी लागतात. रेणूभोवती खूप मोठा गोल कल्पायचा, त्यावरच्या यादृच्छिक बिंदूंपर्यंत टोकं नेऊन वेटोळं बंद करायचं, अलेक्झांडर बहुपदी (गाठ ओळखायला वापरतात ती बीजगणिती राशी) काढायची. हे पुन्हा पुन्हा करायचं. जी गाठ सर्वाधिक वेळा येते, ती त्या प्रोटीनची. म्हणजे उत्तर संभाव्यतेचं असतं, आणि ते तसंच सांगायला हवं.

पण गाठीच्या नावापेक्षा तिची खोली मला जास्त महत्त्वाची वाटते. कार्बोनिक अनहायड्रेज या विकराची (एन्झाइमची) गाठ उथळ आहे: एका टोकाची थोडी अमिनो आम्लं छाटली की सुटते. संशोधक विल्यम टेलर यांनी २००० साली दाखवलेली आठाच्या आकाराची गाठ मात्र साखळीत खोलवर आहे. चेतापेशींत मुबलक असणाऱ्या यूसीएच-एल१ या प्रोटीनमध्ये तर पाच छेदांची गाठ आहे! घडी पडताना साखळीचं टोक त्या फासातून जातं कसं, या प्रश्नाने मला अजून झोप येत नाही.

खाचेचं वेगळं. बाहेर उघडणारी खाच म्हणजे टोपॉलॉजीच्या लेखी सपाट पृष्ठभागच. तिला दिसती करायला प्रत्येक अणूची त्रिज्या हळूहळू वाढवा. तोंड आतल्या भागापेक्षा अरुंद असेल तर ते आधी मिटतं, आत पोकळी कोंडली जाते आणि दुसरी बेटी संख्या (म्हणजे बंद पोकळ्या किती, तो आकडा) एकाने वाढते. पुढे पोकळीही भरून जाते. या दोन त्रिज्यांमधलं अंतर जितकं मोठं, तितकी खाच ठळक. तोंड रुंद असेल तर मात्र ही युक्ती हात टेकते. दोन प्रोटीनं एकमेकांना चिकटतात ते भाग बरेचदा असेच सपाट असतात. तिथे भूमितीच हवी: लॉरेन्स आणि कोलमन यांनी १९९३ साली मांडलेलं पृष्ठभागांच्या जुळणीचं माप वापरा. आणि आकार जुळला म्हणजे बंध झालाच असं नाही, विद्युतभारही पाहावे लागतात.

खंडित_साखळी
एक भर. स्फटिकातून मिळालेल्या रचनेत कित्येकदा मधली अमिनो आम्लं दिसतच नाहीत. प्रोग्रॅम ती फट सरळ रेषेने जोडतो आणि नसलेली गाठ तयार होते किंवा असलेली सुटते. लागोपाठच्या दोन अल्फा कार्बनांमध्ये (प्रत्येक अमिनो आम्लाचा मधला कार्बन) साधारण ३.८ अँगस्ट्रॉम अंतर असतं. ते कुठे फार वाढलंय का बघा. पीडीबी (प्रोटीन रचनांचा संग्रह) फाइलमध्ये ‘रिमार्क ४६५’ खाली गहाळ अमिनो आम्लांची यादी असते.

मोकळंटोक
त्रिज्या, म्हणजे टोकं जोडायची पद्धत बदलून उत्तर टिकतं का, हे आधी बघायचं. कळलं. आमच्या रचनेत अशी एक फट आहे, नेमकी फासाच्या जवळ. तो भाग भरून पुन्हा चालवते.