शिकाऊ वैमानिकाने गावावर खाली उतरून घिरट्या घालणे कितपत धोक्याचे?

सातारकर पालक: माझा मुलगा कराडच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकतो. एकट्याने उडताना गावावर खाली येऊन घिरट्या घालीन, असे त्याने आजीला सांगितल्यापासून मला झोप नाही. धोका नेमका कोणता?

माजी प्रशिक्षक: फार मोठा. ओळखीचे घर पाहताना वळण नकळत तीव्र होते. उंची राखून 60 अंश कलल्यास पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्या वेगाला पंखांची उचल एकाएकी कोसळते तो, सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे सरळ उड्डाणात 45 नॉटला होणारा स्टॉल 64 नॉटलाच होतो, आणि एवढ्या खाली सावरायला उंचीच उरत नाही.

सांगलीची प्रशिक्षणार्थी: काका, रागावू नका, पण त्याच्या प्रशिक्षकांना आजच कळवा. ठरलेला मार्ग आणि उंची सोडणार नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.