शब्दचर्चा: 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो' यातले कष्टी कोण?

जुनी वही

"अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." (मत्तय 11:28)

मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या बहुतेकांना हे वचन पाठ असतं. मंडळीच्या कॅलेंडरवर असतं, बैठकीच्या खोलीतल्या पाटीवर असतं, दफनविधीत तर हमखास ऐकू येतं. इतकं कानावरून गेलेलं की त्यातल्या शब्दांकडे लक्षच जात नाही. मी सध्या अडले आहे ती 'कष्टी'वर.

रोजच्या मराठीत कष्टी म्हणजे खिन्न, उदास. 'दुःखी-कष्टी' ही जोडी आपण सहज बोलतो. लहानपणीच्या गोष्टींतला राजा मूलबाळ नाही म्हणून मनातून कष्टी असायचा, उन्हात राबून नव्हे. राबणाऱ्याला आपण कष्टकरी म्हणतो, कष्टाळू म्हणतो. मग येशू इथे बोलावतोय कुणाला? ज्यांच्यावर दुःख कोसळलंय त्यांना, की जे राबून दमलेत त्यांना?

कोश उघडून बघता आलं असतं, पण प्रश्न तेवढाच नाही. सासूबाई पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांची उठबस, अंघोळ, औषधं मी आणि नवरा वाटून करतो. सोसायटीत पाणी टँकरचं, आणि तो कधी येईल हे ड्रायव्हरलाही माहीत नसतं. नोकरी हिशेबखात्यात, म्हणजे मार्च महिना कसा जातो ते सांगायला नको. यात छाती पिटून रडावं असं काहीही नाही. जे आहे त्याला मराठीत 'वैताग' हाच शब्द आहे. रात्री प्रार्थनेला बसलं की वाटतं, वरच्या मजल्यावर केमोथेरपी चालू आहे आणि मी देवाला टँकरचं काय सांगणार? 'कष्टी' म्हणजे दुःखी असेल तर हे आमंत्रण त्या घराला आहे. राबून दमलेले असा अर्थ असेल तर त्यात माझंही नाव येतं. जाणकारांनी सांगावं.

निरुक्त

तुमचं नाव त्यात आहे.

मूळ ग्रीकमध्ये इथे 'कोपिआओ' या क्रियापदाचं रूप आहे. त्याचा अर्थ राबणं आणि राबून थकणं. ते ज्या 'कोपोस' या नामावरून आलं त्याचा जुना अर्थ मार, आघात. म्हणजे आपण 'अंग ठेचून निघालं' म्हणतो तो थकवा. लॅटिन बायबलमध्ये 'लाबोरातिस' आहे, म्हणजे श्रम करणारे. हिंदीत तर सरळ 'परिश्रम करनेवालो और बोझ से दबे हुए लोगो' असं आहे. खिन्नतेचा अर्थ यांपैकी कुठेच नाही.

मग मराठीत 'कष्टी' का? 'कष्ट' हा शब्द मराठीत दोन्ही अंगांनी वाढला. संस्कृतात तो मुळात त्रास, पीडा. हिंदीत अजून तसाच आहे, 'आपको कष्ट दिया' म्हणजे तसदी दिली. मराठीत मात्र तो घामाकडे वळला: कष्टाची भाकरी, कष्टाचा पैसा, पोटासाठी कष्ट. गंमत अशी की नाम घामाकडे गेलं आणि 'कष्टी' हे विशेषण दुःखाकडेच थांबलं. भाषांतरकारांच्या कानात दोन्ही वाजत असावेत. आजच्या वाचकाच्या कानात एकच वाजतो. नव्या सोप्या अनुवादांत म्हणूनच 'थकलेले' असा शब्द दिसतो. अर्थ नेमका झाला, पण 'अहो... जनहो' ही हाक गेली. मला स्वतःला जुनंच बरं वाटतं.

वसईवाला

आमच्या आजीच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 65 मध्ये झाली, त्यानंतर वेदीवर मराठी आली. त्यामुळे हे वचन आमच्याकडे पाटीवरून कमी आणि फादरांच्या तोंडून जास्त आलं.

'निरुक्त' यांनी सांगितलेलं क्रियापद लूकच्या पाचव्या अध्यायातही आहे ना? येशूचा कोळी शिष्य पेत्र म्हणतो, आम्ही सारी रात्र कष्ट केले आणि काहीच हाती लागलं नाही. तिथे मराठीत 'कष्ट' स्वच्छ घामाचेच आहेत. आमच्याकडच्या कोळ्यांना ते वाक्य समजावून सांगावं लागत नाही. डिझेल जाळून, बर्फ भरून जायचं आणि रिकामं यायचं, याला शोक म्हणत नाहीत. पेत्राच्या बोलण्यातही शोक नाही, थोडी कुरकुर आहे. रात्रभर जाळी टाकलेल्या माणसाला त्याच्याच होडीत बसलेला एक सुतार सांगतो की परत टाक! मी असतो तर जास्त बोललो असतो.

निरुक्त

बरोबर, तेच क्रियापद. आणखी एक जागा आहे, योहानाच्या चौथ्या अध्यायातली. शोमरोनात याकोबाच्या विहिरीपाशी येशू दुपारच्या वेळी बसतो, चालून चालून दमलेला. तिथेही 'कोपिआओ'च आहे. म्हणजे जो 'अहो कष्टी' म्हणून हाक मारतो, तो स्वतः त्याच अर्थाने कष्टी होऊन एका परक्या बाईकडे पाणी मागतो. मराठीत योहानात शब्द वेगळा असल्याने हा धागा दिसत नाही.

आडवाट

थोडं अवांतर. लहानपणी मला 'भाराक्रांत' हा संक्रांतीसारखा काही सण वाटायचा. रविवारच्या शाळेत बाईंना विचारलं तर त्या हसत सुटल्या.

निरुक्त

अगदीच परके नाहीत ते. दोन्हींत 'क्रम्' हाच धातू. संक्रांत म्हणजे ओलांडून पलीकडे गेलेली, आक्रांत म्हणजे ज्याच्यावर चाल करून कुणी ताबा घेतलाय असा. भाराक्रांत म्हणजे नुसता ओझं उचललेला नव्हे, ओझ्याने ज्याचा कब्जा घेतलाय तो. बाकी 'आक्रांत' आपण आता फारसा वापरत नाही, 'आक्रमण' तेवढं उरलं आहे.

निवृत्त पाळक

ताई, शब्दाचं उत्तर मिळालं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो. वैताग देवापुढे न्यावा का?

एलीया संदेष्ट्याची गोष्ट पाहा, बायबलातलं पहिले राजे हे पुस्तक, अध्याय 19. ईजबेल राणी जिवावर उठली म्हणून तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. तो झोपला. देवदूताने उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं भांडं दाखवलं. खाऊन तो पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवलं ते 'ऊठ, खा, वाट मोठी आहे' एवढं सांगून. नंतर होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवसांची चाल. त्याच्याशी प्रश्नोत्तरं झाली ती तिथे पोचल्यावर. आधी झोप, आधी भाकर.

मंडळीत 'ईयोबाचा धीर' म्हणून उदाहरण देतात. देणाऱ्यांनी ईयोबाच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायापुढे वाचलेलं नसतं. तिसऱ्यात तो आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो, आणि त्यानंतर पुस्तकभर भांडतो. देवाची बाजू घेऊन त्याला गप्प करणारे त्याचे मित्र असतात, आणि शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो त्या मित्रांवर. स्तोत्रांमध्ये 'कोठवर?' हा शब्द किती वेळा येतो बघा. 'कोठवर' हा टँकरच्या रांगेतलाच शब्द आहे.

वरच्या मजल्यावर कर्करोग आहे म्हणून आपण बोलू नये, हे सभ्य माणसाला वाटतंच. पण देवाकडे खिडकी एकच आणि रांग मोठी, असं थोडंच आहे?

पाटपाणी

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. पण 'विसावा' शब्दावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

पालखीच्या वेळापत्रकात दोन वेगळे शब्द असतात, विसावा आणि मुक्काम. मुक्काम रात्रीचा. विसावा वाटेतला, पालखी थोडी टेकते, माणसं पाणी पितात, पाय चोळतात, मग पुन्हा चालायचं. अंत्ययात्रेतही तिरडी वाटेत खाली ठेवतात त्या जागेला विसावाच म्हणतात, आणि तिथून ती पुन्हा खांद्यावर घेतात. म्हणजे मराठीत विसाव्यानंतर ओझं परत उचलायचं असतं. 'मी तुम्हांला मुक्काम देईन' असं तुमच्या भाषांतरात नाही, हे मला फार नेमकं वाटलं.

निरुक्त

सुंदर. व्युत्पत्ती साधी आहे: विश्राम, प्राकृतात विस्साम, मग विसावा. ग्रीकमधलं 'अनापाउओ' म्हणजे चाललेलं काम थांबवून दम खाऊ देणं. 'पाटपाणी' म्हणतात ते मत्तयाला लागू पडतं, कारण पुढच्याच ओवीत जू खांद्यावर घ्यायला सांगितलं आहे. विसावा देतो म्हणणारा लगेच जू पुढे करतो!

पण हा नियम करू नये. इब्री लोकांस पत्रात, चौथ्या अध्यायात, देवाच्या लोकांसाठी राखून ठेवलेल्या 'शब्बाथाच्या विसाव्या'बद्दल आहे. तो वाटेतला नाही, शेवटचा आहे. ग्रीक शब्द तिथे निराळा, मराठीत मात्र विसावाच. दफनविधीत मत्तयाचं वचन वाचताना लोकांच्या मनात बहुधा हा दुसरा विसावा असतो.

वसईवाला

'माझे जू सोयीचे' यातल्या 'सोयीचे'ला काय म्हणायचं? जू आणि सोय एकत्र कसं? आमच्याकडे फार तर वाडीतली केळी, बैल कुणी ठेवत नाही आता.

नांगरट

शेतकऱ्याला विचारा की. जू खांद्याला बसलं नाही तर बैलाचा खांदा सुजतो, कातडं सोलतं, आणि मग तो जुंपायला उभाच राहत नाही. म्हणून सुतार बैलजोडी बघून जू घडवायचा, एक बैल ठेंगणा असला तर त्याप्रमाणे. शिवळा, म्हणजे जूच्या खुंट्या, नीट बसल्यात का, हे हाताने चाचपून पाहायचा. चांगलं जू वजनाला हलकं असतंच असं नाही, पण ते खांद्याला टोचत नाही. 'सोयीचे' हा शब्द ज्याने घातला त्याला औत माहीत असणार. आणि जू एका बैलाचं नसतं. दुसरीकडे कोण जुंपलाय, हाही प्रश्न आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी करतात, तूप-हळद लावून बैलाचा खांदा चोळतात. विसावा म्हणाल तर तोच.

'जोखड' शब्द वापरला असता तर बिघडलं असतं. जोखड आता गुलामीचंच राहिलंय.

निरुक्त

'सोयीचे'च्या जागी ग्रीकमध्ये 'ख्रेस्तोस' आहे, म्हणजे उपयोगी, भलं, माणसाला बरं पडणारं. 'जू'साठी 'झुगोस', आणि ते संस्कृत 'युग' व मराठी 'जू' यांचं सख्खं नातेवाईक. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टरने लिहून ठेवलंय की येशू सुतारकीत नांगर आणि जू बनवायचा. खरं असेल तर बोलणाऱ्याला विषय माहीत होता.

आडवाट

कष्टाचा विषय निघालाच आहे तर केडगावचं सांगतो. पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं, बायामाणसांना कळावं म्हणून सोप्या भाषेत. शेवटच्या वर्षांत त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, एप्रिल 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या. पुस्तक 1924 मध्ये मुक्ती मिशनमध्येच छापून पूर्ण झालं, खिळे जुळवायला आश्रमातल्याच बायका होत्या. 'कष्टी'चे दोन्ही अर्थ एका माणसात बघायचे तर तिथे बघावेत.

जुनी वही

सगळ्यांचे आभार. काल रात्री सासूबाईंना औषध देताना हा धागा थोडा वाचून दाखवला. त्यांना बोलता येत नाही, पण 'वैताग' शब्दावर त्या हसल्या. माझ्या वैतागाचं कारण अंशतः आपण आहोत हे त्यांना कळतं, आणि मला हे कळतं की त्यांचा वैताग माझ्याहून मोठा आहे. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो.

पाळकसाहेब, एलीयाचा अध्याय वाचला. त्यातल्या दोन झोपा माझ्या लक्षात कधीच आल्या नव्हत्या. प्रवचनात थेट भूकंप, अग्नी आणि 'मंद वाणी'च येते. माझ्या प्रार्थनेत आता टँकर येतो. देवाला त्यात किती रस आहे ते तो बघेल. टँकर अजूनही वेळेवर येत नाही.

'नांगरट' यांचं एक पटलं नाही. दुसरीकडे येशू जुंपलेला आहे असं प्रवचनात बरेचदा ऐकलंय, पण वचनात तसं म्हटलेलं नाही. तिथे 'माझे जू' एवढंच आहे. ते त्याने वाहिलेलं की त्याने घडवलेलं, हे मराठीवरून ठरत नाही.

निरुक्त

ग्रीकवरूनही ठरत नाही.

निवृत्त पाळक

मी चाळीसेक वर्षं ते दोन बैलांवालं प्रवचन केलं आहे, आणि पुन्हा बोलावलं तर पुन्हा करीन. 'लीन' शब्दावर मात्र कुणीतरी वेगळा धागा काढा. 'मी मनाचा सौम्य व लीन' म्हणताना लोकांना भजनात लीन झालेला माणूस आठवतो, आणि तिथे तर नम्र असा अर्थ हवा आहे.